घर दमणचं, वारसदार लेस्टरचे

अगं, फोटो बघितले. ओटा, निळी दारं, कौलारू छप्पर, खिडक्यांवरच्या त्या कमानी. खोटं कशाला बोलू, घर देखणं आहे. आणि खाली तुझा प्रश्न: "ताई, टोकन देऊन टाकू का?" फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. टोकन देऊ नकोस. निदान हे सगळं वाचून होईपर्यंत तरी नको.

ह्यांच्या वापीच्या नोकरीमुळे मी इकडे आले आणि पुढे आम्ही मोटी दमणमध्येच घर केलं. तेव्हा आईनं विचारलं होतं, "म्हणजे परदेशातच राहणार का गं?" सगळे हसले होते. आई अगदीच चुकीचं बोलली नव्हती.

तुला दमण जवळ वाटतं, आणि ते आहेच. नाशिकहून पेठ रस्त्याला लागायचं, सावळघाट, कोटंबी घाट, मग कपराडा, वापी, की आलंच. दमणगंगा तर आपल्याच जिल्ह्यातली, दिंडोरी तालुक्यातल्या डोंगरात उगम पावणारी. मधुबन धरण, सिल्वासा, वापी करत ती इथे समुद्राला मिळते. तिचंच पाणी वळवून गोदावरीत आणायचं म्हणून तुमच्याकडे योजना मांडल्या जातात. त्यामुळे नाशिककराला वाटतं, नदी आपली, मग गावही आपलंच. पण पेठ सोडल्यावर तू गुजरातेत शिरतेस आणि वापीच्या पुढे गुजरात सोडून केंद्रशासित प्रदेशात. हे दोन उंबरठे नकाशावर बारीक दिसतात. राहायला लागलं की रोज जाणवतात.

या उंबरठ्यांचा इतिहास तुला शाळेत तुकड्यातुकड्यानं शिकवलाय, मी जोडून सांगते. पोर्तुगीजांनी दमण घेतलं १५५९ मध्ये. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, त्या मोहिमेत डहाणू-तारापूरपर्यंतचा किनारा मराठ्यांकडे आला, दमण मात्र पोर्तुगीजांकडेच राहिलं. म्हणजे तेव्हापासून हे आपल्या सरहद्दीला टेकलेलं परकं गाव. पुढे पेशव्यांनीच १७७९ च्या तहात त्यांना महसुलाची गावं कबूल केली आणि १७८३ मध्ये नगर हवेली त्यांच्या हातात गेली. ती सुटायला १९५४ उजाडलं. त्या लढ्यात सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे होते हे बाबा किती वेळा सांगायचे, आठवतंय ना. त्यानंतर दमणहून तिकडे जायला भारतानं वाट दिली नाही, म्हणून पोर्तुगाल थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १९६० साली निकाल लागला. ज्या वाटेवरून दोन देश हेगला भांडले, त्या वाटेनं मी आज रिक्षात बसून सिल्वासाला जाते. आणि १९६१ च्या डिसेंबरात दमण घेतलं ते मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियननं. इतकं सगळं मराठी हातांनी होऊनही दमण काही मराठी झालं नाही. बाजारात गुजराती बोलतात, मोटी दमणच्या बद्रापूर भागातल्या ख्रिस्ती घरांत अजून पोर्तुगीज वळणाची त्यांची स्वतःची बोली बोलतात, आणि तू-मी इथे पाहुण्या. हे आधी मनाशी पक्कं कर.

सरहद्दीचा सगळ्यात ठळक परिणाम तुला पहिल्याच शनिवारी कळेल. गुजरातेत दारूबंदी, दमणमध्ये नाही. त्यामुळे शनिवार-रविवारी सुरत-वलसाडकडून गाड्यांची रांग लागते. नानी दमणला देवका किनाऱ्याच्या बाजूला हॉटेलं, बार, गाणी, रात्री उशिरापर्यंत वर्दळ. तुझ्या फोटोतलं घर मोटी दमणचं आहे ते बरंच झालं. नदीच्या दक्षिणेचा हा भाग शांत आहे. किल्ल्याच्या आत सरकारी कचेऱ्या, १६०३ चं बॉम जीझस चर्च, संध्याकाळी रस्त्यावर माणूस नाही. पण भाजीबाजार, बसस्टँड, दुकानं बहुतेक नदीपलीकडे. म्हणजे पुलावर अवलंबून राहणं आलं. २००३ च्या ऑगस्टात इथला पूल शाळेच्या मुलांची गाडी वर असताना कोसळला होता. जुनी माणसं अजून मुसळधार पावसात पुलाकडे बघून गप्प होतात. तू विचारू नकोस, ती सांगायची तेव्हा सांगतील.

आणि एक नाशिकचीच गोष्ट. वास्तुशांतीला आपल्याकडची वाईन घेऊन यावी असं तुझ्या नवऱ्याच्या डोक्यात येणार, ओळखते मी त्याला. कपराड्यापासून वापीपर्यंतचा सगळा रस्ता गुजरातचा आहे. परवान्याशिवाय गाडीत बाटली सापडली तर गुन्हा, मग ती दमणची असो की दिंडोरीची. निघतो त्या गावी चालते आणि पोचतो त्या गावीही चालते, पण मधल्या रस्त्यावर चालत नाही. हे त्याला तूच नीट समजावून सांग.

आता मुख्य गोष्ट, कागद.

दलालानं तुला सांगितलंय की मालक एकटाच आहे आणि "क्लिअर टायटल" आहे. दमणमध्ये जुन्या घराचा एकटा मालक ही चीज दुर्मीळ आहे. इथे वारसाहक्क अजून १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेच्या वाटेनं जातो. त्या संहितेत, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. घर विकायचं तर दोघांची संमती लागते. बाप मृत्युपत्र करूनसुद्धा मुलांना पूर्ण डावलू शकत नाही, निम्मा हिस्सा त्यांचाच. आणि मुलीला मुलाएवढाच वाटा. इथे जरा थांब. आपल्याकडे काय होतं? महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि देशानं २००५ मध्ये कायदा बदलला, तरी भाऊबीजेला ओवाळणीच्या ताटाशेजारी हक्कसोडपत्र ठेवणारी घरं तुला-मला माहीत आहेत. बहिणीनं सही केली की विषय संपला, असं धरूनच आपण चालतो. त्यामुळे नाशिकची माणसं इकडे येऊन मालकाला विचारतात, "बहिणींचं काही नाही ना?" आणि तो "नाही" म्हणाला की खूश होतात. इथे बहिणीचं असतंच, आणि तिच्या लग्नात मालमत्तेचं काय ठरलं होतं त्याप्रमाणे तिच्या नवऱ्याची सहीसुद्धा लागू शकते. एक जावई रुसून बसला म्हणून व्यवहार अडकलेला मी पाहिलाय. हिंदू घराण्यांच्या रूढींसाठी पोर्तुगीजांनी वेगळी संहिता केली होती, तेव्हा प्रत्येक घराचा हिशोब एकसारखा नसतो. म्हणून वकील दमणचाच कर. कॉलेज रोडवरचे आपले वकीलकाका कितीही हुशार असले तरी सातबारा-फेरफारात मुरलेले. इथे एक-चौदाचा उतारा चालतो, आणि १९६१ च्या आधीचे दस्त पोर्तुगीज भाषेत. एकाच आजोबांचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेनं लिहिलेलं असतं. तो एकच माणूस होता हे सिद्ध करायला इथली जुनी नोंदवही वाचणारा माणूस लागतो.

आणि वारसदार राहतात कुठे? हीच तर मजा आहे. १९६१ च्या मुक्तीआधी गोवा-दमण-दीवमध्ये जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना, नातवंडांना पोर्तुगाल आपलं नागरिकत्व देतो. लिस्बनला जन्माची नोंद करायची, पासपोर्ट घ्यायचा आणि इंग्लंडला जायचं, अशी एक लाटच इथून गेली. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडेपर्यंत तो सरळ रस्ता होता. लेस्टरमध्ये दमण-दीवची इतकी माणसं आहेत की इथल्या लग्नाची तारीख तिथल्या सुट्ट्या बघून ठरते. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणजे तो पासपोर्ट घेतला की माणूस भारताचा नागरिक राहत नाही. गंमत बघ, परक्या गावात घर घ्यायला तू निघालीस, आणि कागदावर परदेशी निघतो तो घराचा मालक!

गंमत बाजूला ठेव, यात तुझा पैसा अडकू शकतो. विकणारा भारतात राहणारा असेल आणि व्यवहार पन्नास लाखांचा किंवा त्यावरचा, तर आपण एक टक्का कर कापून भरतो, हे तुला फ्लॅट घेताना माहीत झालंय. विकणारा अनिवासी असेल तर हिशोबच वेगळा. कापायचा कर कितीतरी जास्त, आणि तो कापून भरायची जबाबदारी विकत घेणाऱ्याची, म्हणजे तुझी. दलाल म्हणेल, "बेन, एक टक्का कापा ने, सगळे तसंच करतात." सगळे काय करतात ते आयकर खातं विचारत नाही, नोटीस तुझ्या नावानं येते. पाच वारसांपैकी दोन इथले आणि तीन तिकडचे असतील तर पाच जणांचा हिशोब वेगवेगळा. सीए आधी, टोकन नंतर.

दुसरं म्हणजे मुखत्यारपत्र. लेस्टरचा एखादा वारसदार पुतण्या सहीला येणार नाही, तो इथल्या काकांना मुखत्यारपत्र पाठवणार. ते भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून किंवा अपॉस्टिल होऊन आलेलं हवं आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लागलेला हवा. व्हॉट्सॲपवर आलेला स्कॅन दाखवून "मूळ येतंय" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही, मग तो कितीही देवमाणूस दिसो. जमलं तर त्या पुतण्याशी स्वतः व्हिडिओवर बोल. घर विकलं जातंय हे त्याला माहीत आहे का, एवढंच विचारायचं. कधीकधी नसतं.

घरात कोणी राहतंय का, हेही बघ. फोटोत मागच्या पडवीत दोरीवर कपडे वाळत आहेत, तुझ्या लक्षात आलं नसेल. ती माणसं कोण? घर राखायला ठेवलेली, की भाडेकरू? भाडेकरूला इथेही कायद्याचं संरक्षण आहे. आपल्या जुन्या नाशकातले वाडे आठव, तिवंध्यातले, भद्रकालीतले. मालक बारा दिशांना, भाडेकरू पिढ्यान् पिढ्या, दर पावसाळ्यात महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आणि कोणीच हात लावत नाही. पोर्तुगीज कमानी असल्या म्हणून हे घर त्यातून सुटत नाही.

आता मोजपट्टी. मोटी दमणच्या किल्ल्याची तटबंदी संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी काढूनच, आणि जुन्या घराची दुरुस्ती करायची तरी पुरातत्त्वाची परवानगी लागते. वर एक खोली चढवायचा तुझा बेत आहे ना? मग घरापासून तटापर्यंतचं अंतर पहिल्या दिवशीच मोजून घे. समुद्राच्या बाजूला असेल तर किनारा नियमनही आहेच. २०१९ च्या नोव्हेंबरात याच मोटी दमणच्या किनाऱ्यावरची मच्छीमार आणि आदिवासींची घरं प्रशासनानं पाडली. पिढ्यांची वहिवाट सांगणारी माणसं होती ती. तुझ्यासारखीनं तर दुप्पट जपून राहावं.

भिंती बघायला मी येईन तुझ्याबरोबर, पण काय बघायचं ते ऐकून ठेव. या जुन्या भिंती चुन्याच्या. पावसात ओल धरतात आणि उन्हात सोडून देतात, हा त्यांचा स्वभाव. विकायला काढलेल्या घरावर मात्र रंगाच्या आधी खालच्या तीन-चार फुटांना सिमेंटचा गिलावा चढवतात, ओल दिसू नये म्हणून. मग ओल बाहेर पडायची वाट बुजते आणि भिंतीतून वर चढत राहते. तू काय कर, कमरेच्या उंचीवर हात फिरव. खाली गुळगुळीत, गार, आणि त्याच्या वर रंगाला फोड आलेले, बोटाला पांढरी पूड लागते, तो लोणा. नख लावलंस की पोपडा निघतो. तिथे ओळखायचं. मग मान वर करून तुळईची टोकं बघ, मधला भाग नको. लाकूड सडतं ते भिंतीत घुसतं तिथे. छत्रीच्या दांड्यानं ठोक. खणखणीत वाजलं तर सागवान जिवंत आहे, बद्द आवाज आला तर आत वाळवीनं संसार मांडलाय. कौलांचं मला भय वाटत नाही, पावसाआधी शाकारणी केली की झालं. पण शाकारणी करणारी माणसं आता कमी, त्यांना वैशाखातच सांगून ठेवावं लागतं.

खारा वारा हा आणखी एक भागीदार. नाशिकच्या कोरड्या हवेत वीस वर्षं चालणारी बिजागरी इथे हातात तुकडा होऊन येते. पितळेची बसव. फ्रीज, पंखे, गॅसची शेगडी, सगळ्याचं आयुष्य कमी. पापड वाळतच नाहीत. पंधरवडाभर घर बंद ठेवलंस तर कपाटातल्या साड्यांना वास येतो. तेव्हा "महिन्यातून एकदा येत जाऊ" हा तुमचा बेत मला पटत नाही. मातीचुन्याचं घर बंद राहून खचतं. रोज दारं उघडणारं माणूस हवं.

हवेचंही सांगते. वापीची औद्योगिक वसाहत देशातल्या सर्वांत प्रदूषित पट्ट्यांत गणली गेलेली आहे आणि दमणगंगा तिथूनच इकडे येते. कधीकधी वाऱ्याबरोबर रसायनांचा वास येतो. दिवाळीच्या सुमारास दोन दिवस येऊन गेलीस तर तुला फक्त समुद्र दिसणार. समुद्रही इथला निराळा. ओहोटीला पाणी इतकं दूर जातं की करडा चिखल आणि खडकच उरतात. गोव्याचं चित्र डोक्यात घेऊन येणारे हिरमुसतात. मला मात्र ते आवडतं. कोळणी त्या वेळी टोपल्या घेऊन निघतात, बोंबील काठीवर लटकतात, आणि कुणालाही तुमच्याकडे बघायला वेळ नसतो.

शाळा आता तुला नको, दवाखान्याला सिल्वासा-वापी आहे. कोर्टकचेरीची वेळ आलीच तर वरचं कोर्ट मुंबई हायकोर्टच. २०२० पासून दमण-दीव आणि दादरा-नगर हवेली मिळून एकच केंद्रशासित प्रदेश झालाय, त्यामुळे कुठला कागद कुठल्या कचेरीत हे पुन्हा पुन्हा विचारावं लागतं. विचारायची लाज बाळगू नकोस.

राहायचं कसं, हे खरं तर मला जास्त सांगायचं होतं. इथली माणसं चटकन घरात घेत नाहीत आणि एकदा घेतलं की सोडत नाहीत. शेजारच्या आजींना पहिले सहा महिने "केम छो"च्या पुढे शब्द नव्हता. मी गुजराती शिकले, बाजारातली का होईना, मग त्या बोलायला लागल्या. त्यांचा मुलगा लिस्बनला, नातवंडं इंग्लंडला. नाताळला त्यांच्याकडून गोडाचं ताट येतं, संक्रांतीला आमच्याकडून तिळगूळ जातो. पण गावाच्या भांडणात मी पडत नाही. चर्चच्या मिरवणुकीचा रस्ता, मासेमारीची जागा, कोणाच्या वाडीची हद्द, यावर मत मागितलं तरी मी चहा टाकायला उठते. बाहेरून आलेल्या माणसानं घर रंगवताना हौसेनं मरून, पिवळा, जांभळा लावला आणि त्याला "हेरिटेज" म्हणून इन्स्टाग्रामवर टाकलं की इथली माणसं हसतात. मनात चिडतातही. ज्यांना घर परवडलं नाही म्हणून पासपोर्ट घेऊन निघून जावं लागलं, त्यांच्यासमोर आपण त्यांचीच घरं स्वस्तात मिळाली म्हणून मिरवायचं, बरं दिसत नाही गं.

पोर्तुगालमध्येही अशी गावं आहेत. स्पेनच्या सीमेवर एल्वश म्हणून आहे, ताऱ्याच्या आकाराची तटबंदी, २०१२ पासून जागतिक वारसा यादीत. युरोपातले कितीतरी लोक तसल्या गावांत उतारवयात घर घ्यायला जातात. त्यांना तरी कायद्याची भाषा परकी आहे हे उघड दिसतं. आपलं चलन तेच, झेंडा तोच, म्हणून आपण गाफील राहतो.

तेव्हा माझं ऐक. या जूनमध्ये भाड्यानं खोली घे, मोटी दमणमध्येच. माझ्याकडे राहू नकोस, मी लाड करेन आणि तुला काही कळणार नाही. एक पूर्ण पावसाळा काढ. कपराड्याचा घाट धो धो पावसात पार करून नाशिकला लग्नाला जाऊन ये, कारण तिथे जेवढा पाऊस पडतो तेवढा गुजरातेत इतरत्र क्वचितच पडतो. मासेमारी बंद असताना बाजार कसा ओस पडतो ते बघ. वीज गेली, ओल वर चढली, दारं फुगली, नवरा वैतागला, आणि तरी श्रावणात तुला परत जावंसं वाटलं नाही, तर घर घेऊ. मीच पुढे होईन.

तोवर दलालाला एवढंच म्हण: घर शेवटचं ज्यांच्या नावावर होतं ते कधी वारले, त्यांना मुलंमुली किती, कोणाचं लग्न कुठे झालं, आणि आज कोण कुठल्या देशाच्या पासपोर्टवर आहे, हे एका कागदावर लिहून दे. तो "बघतो" म्हणेल. चार दिवसांनी पुन्हा विचार. यादी आली की आधी मला पाठव, सोमवारी वकिलांकडे मी स्वतः जाऊन येते.